सुनीताच्या नावाची नळी

नर्स होते म्हटलं की माणसं हात पुढे करतात. आमच्या मूल गावी लग्नाच्या पंगतीत बसले की शेजारची बाई पुरी खाली ठेवून मनगट माझ्या ताटावर धरते, "बाई, नाडी पाहा ना जराशी." निवृत्त होऊन दीड वर्ष झालं, तरी हे सुरूच आहे. मी नाडी पाहते, माझी काही तक्रार नाही. पण ज्या कामात माझ्या नोकरीची शेवटची वर्षं गेली, त्याबद्दल पंगतीत कुणी विचारत नाही, आणि विचारलंच तर निम्मी पंगत उठून जाईल. ते काम म्हणजे बायकांच्या गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी. संपादकांनी लिहा म्हटलं म्हणून लिहिते आहे. ज्यांना जेवताना वाचायची सवय आहे त्यांनी आधी जेवून घ्यावं.

कुठे किती वर्षं काढली याचा पाढा वाचत नाही. गोंडपिपरी झालं, वरोऱ्याकडचं एक उपकेंद्र झालं, आणि शेवटी गडचिरोलीच्या जंगलातलं एक उपकेंद्र मिळालं. तिथे बदली झाल्यावर माझ्या भावजयीनं डोळ्याला पदर लावला होता. मला मात्र ते गाव मानवलं. तिथली माणसं कमी बोलतात, आणि मी त्यांच्या वाटचंही बोलते, त्यामुळे हिशेब बरोबर जमला.

आधी काम काय ते सांगते. बाईच्या पिशवीला एक तोंड असतं. तिथला कॅन्सर एका रात्रीत होत नाही, त्याला यायला दहा-पंधरा वर्षं लागतात. त्याच्या आधी तिथली कातडी बदलायला लागते, आणि तेव्हाच पाहिलं तर अगदी थोडक्यात निभावतं. पाहायची जुनी पद्धत सोपी आहे. सिरक्याचं पातळ पाणी कापसानं त्या जागी लावायचं आणि मिनिटभर थांबायचं. बदललेली कातडी असली तर पांढरी दिसते. लोणच्यात घालतात तोच सिरका, पण हे बायकांना सांगायची चूक मी एकदाच केली. त्या गावात पुढे सहा महिने कुणी माझ्याकडचं लोणचं खाल्लं नाही.

खरं कठीण काम तपासणीचं नाहीच. निकाल सांगण्याचं आहे. गोंडपिपरीकडची एक बाई, तपासणीत सगळं चांगलं निघालं तर माझ्यावरच रागावली. "एवढ्या दूरून आली, रोजी बुडवली, अन् तुमी म्हन्ता काहीच नाई? एक गोई तरी द्या." तिला कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या तेव्हा ती उठली. दुसरी वरोऱ्याकडची, बारा एकर कापसाची मालकीण. तिनं चांगल्या निकालाचा कागद सातबाऱ्यासोबत प्लास्टिकमध्ये घालून पेटीत ठेवला होता. पाच वर्षांनी पुन्हा तपासू म्हटलं तर पेटी उघडून कागद माझ्या तोंडासमोर धरला. "हा घ्या. एकदा निंगालं ना साफ? सातबारा का दर साली नवा काढतेत?" काढावा लागतो हो, असं मी म्हटलं. तिनं पेटी बंद केली. अशा बायकांवर मी चिडत असे, आणि घरी आल्यावर एकटीच हसत असे.

मग नळ्या आल्या. एका संस्थेच्या मदतीनं आमच्या भागात नवी तपासणी सुरू झाली. हा कॅन्सर ज्या विषाणूमुळे होतो त्याचं नाव एचपीव्ही. तो आहे की नाही हे कळायला बाईला टेबलावर झोपवायची गरज नाही. एक मऊ ब्रश असतो. बाईनं तो आडोशाला जाऊन स्वतःच आत फिरवायचा, नळीत टाकायचा आणि आशाताईकडे द्यायचा. नळीवर नाव आणि नंबर. नळ्या शहरातल्या प्रयोगशाळेत जातात आणि काही आठवड्यांनी निकाल येतो. विषाणू सापडला म्हणजे कॅन्सर झाला असं मुळीच नाही. बहुतेक बायकांच्या अंगात तो येतो आणि आपला आपण निघून जातो. काहींच्या अंगात मुक्काम ठोकतो, त्यांच्यावर फक्त नजर ठेवायची.

हे सगळं अंगणात बसून कसं सांगायचं, याचा मी फार विचार केला. आणि एका गावात मला युक्ती सुचली. गावाचं नाव सांगत नाही, माणसांचीही नावं बदलली आहेत. माडिया लोकांचं पंचवीस-तीस घरांचं गाव, एका बाजूला नाला आणि बाकी तिन्ही बाजूंनी जंगल. बायका जमल्या होत्या. आमची आशाताई कमला मी बोललेलं गोंडीत सांगत होती. मी म्हटलं, "धानाच्या बांधीत तण उगवलं म्हणजे धान गेलं का? नाही ना? काही तण आपोआप वाळतं. जे वाळत नाही ते वेळेवर उपटायचं. हा विषाणू म्हणजे तण समजा."

बायकांनी माना हलवल्या. मला वाटलं, जिंकले. तेवढ्यात मागून एक आवाज आला. जुरीबाई, पंचावन्नच्या पुढची, काटक, कानात भरपूर बाळ्या. उन्हाळ्यात मोह वेचून आणि धानाच्या दिवसांत रोवणी करून सरळ राहिलेली पाठ. ती म्हणाली, "तण कोणी पेरत नाई, बाई. पण बी तं कोठून तरी येतेच ना?"

बायका हसल्या. मीही हसले आणि म्हटलं, "वाऱ्यानं येते." जुरीबाईनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मी उत्तर चुकवलं हे तिला कळलं असावं. मलाही कळलं होतं. पण पहिल्याच दिवशी नवरा-बायकोच्या संबंधांवर बोलायला गेले तर अंगण रिकामं होईल, अशी माझी पक्की खात्री होती. पुढच्या वेळी सांगू म्हटलं. आमच्या खात्यात सगळ्यात जास्त काम पुढच्या वेळेवर असतं.

यादी तीस ते पन्नास वयाची होती. जुरीबाई त्यात बसत नव्हती. तिची सून सुनीता बसत होती, जेमतेम. सुनीता म्हणजे जुरीबाईच्या सख्ख्या भावाची मुलगी. आत्याच्या घरात सून म्हणून जायची त्यांच्यात रीतच आहे. त्यामुळे सुनीता सासूला आत्याच म्हणायची, आणि दोघींचं माहेर एकच, नाल्यापलीकडे आठ-नऊ किलोमीटरवर. सुनीताचा नवरा लालसू अबोल माणूस, दरवर्षी दोन महिने तेलंगणात मिरची तोडायला जाणारा. एक मुलगी दुसरीत, एक मुलगा वर्षाच्या आतला.

नळ्या वाटल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी कमलाचा फोन आला. "बाई, सगळ्या आल्या. सुनीताची तेवढी राह्यली. ते कुर्म्यात हाये."

कुर्मा म्हणजे गावाच्या कडेची झोपडी. पाळीच्या दिवसांत बायका घरात राहत नाहीत, तिथे राहतात. जेवण घरून येतं, दुरून ठेवलं जातं. या रीतीबद्दल माझं मत आहे आणि ते चांगलं नाही, पण ते इथे नको. मुद्दा असा की पाळीत ही तपासणी करता येत नाही. शहाण्या नर्सनं म्हणायला हवं होतं, बरं, सुनीताची नळी पुढच्या महिन्यात. पण माझ्या सगळ्या गावांत हे एक गाव असं होतं की जिथे यादीतली एकही बाई सुटणार नव्हती. मीटिंगमध्ये उभं राहून "पूर्ण" म्हणायची मला फार हौस आली होती. मी फोनवर चढ्या आवाजात म्हटलं, "एकीसाठी अख्खं गाव अडवायचं? उद्या गाडी येते आहे. मला गाव पूर्ण पाहिजे, कमला."

दुसऱ्या दिवशी गाडी गेली तेव्हा नळ्या पूर्ण होत्या. शेवटची कुठून आली हे कमलानं विचारलं नाही, आणि मीही विचारलं नाही. मीटिंगमध्ये टाळ्या मात्र घेतल्या.

निकाल आले. त्या गावातून विषाणू एकाच नळीत सापडला. नाव होतं सुनीताचं.

मी गेले तेव्हा सुनीता अंगणात मुलाला तेल लावत होती आणि जुरीबाई सूप घेऊन बसली होती. मी तण, धान, वाळणं, उपटणं सगळं पुन्हा सांगितलं. कॅन्सर नाही, उद्या तालुक्याला जाऊन डॉक्टरबाईंना एकदा दाखवू. सुनीतानं खाली मान घालून ऐकलं. जुरीबाईचं सूप मध्येच थांबलं होतं, एवढं मला आठवतं. तिला सुनेची काळजी वाटली असेल असं मी समजले.

लालसू कधी मागे येऊन उभा राहिला कळलं नाही. तो म्हणाला, "बाई, हे येते कायच्यानं?"

त्याला वाऱ्यानं येते म्हणणं शक्य नव्हतं. सरळ प्रश्न होता, सरळ उत्तर द्यायला हवं होतं. मी म्हटलं, "शरीरसंबंधातून येतो हा विषाणू. पण..." आणि गाडीचा हॉर्न वाजला. नाल्याला पाणी चढत होतं, ड्रायव्हर केव्हाचा घाईला आला होता. मी पर्स उचलली. "बाकीचं उद्या सांगते" म्हणून मी पळाले.

त्या 'पण'च्या पुढे काय होतं ते लिहून टाकते, कारण तेव्हा बोलले नाही. पुढे असं होतं की तो केव्हा आला हे कुणालाच सांगता येत नाही. आज सापडला म्हणजे आज आला असं नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी आलेला पंधरा-वीस वर्षं अंगात गुपचूप बसू शकतो. बाईकडून पुरुषाकडे जातो तसा पुरुषाकडूनही बाईकडे येतो, आणि पुरुषाला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून या निकालावरून कुणाच्या चारित्र्याबद्दल काहीही कळत नाही. सगळं मिळून मिनिटाचं बोलणं. तेवढ्यानं नाला काही वाहून नेत नव्हता आम्हाला.

दुसऱ्या दिवशी कमलानं सुनीताला तालुक्याला आणलं. लालसू आलाच नाही. डॉक्टरबाईंनी सिरका लावून पाहिलं, पांढरं काही नाही, वर्षानं पुन्हा या म्हणाल्या. मी रजिस्टरमध्ये बरोबरची खूण केली आणि दुसऱ्या गावांच्या मागे लागले.

अडीच महिन्यांनी गोवरच्या लसीचा दिवस होता. यादीप्रमाणे मुलं आली. सुनीताचा मुलगा आला नाही. मी घरी गेले. लालसू दारात विळ्याला धार लावत होता. "पोरगा कुठाय?" तो म्हणाला, "मामाकडं." "कधी येईल?" तो विळा पुन्हा दगडावर घासायला लागला. जुरीबाई आतून बाहेर आलीच नाही.

कमलानं रस्त्यात सांगितलं. "बाई, त्यानं तिले धाडून देल्ली. म्हन्ला, मी मिरचीले गेलतो तवा कोण येत होता ते सांग. ते कायी बोललीच नाई. पोरगा घेतला कडेवर, पोरीले आजीजवळ ठेवली, अन् गेली."

"आणि तू मला हे आज सांगतेस?"

"तुमीच तं म्हन्ले होते ना, त्याच्यानं येते म्हणून."

मला खरंच फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त लाज वाटली. सुईनं पोरं रडवलीत मी आयुष्यभर, पण माझ्या तोंडच्या अर्ध्या वाक्यानं घर फुटलेलं पहिल्यांदाच पाहत होते.

मी लसीचा डबा घेऊनच नाल्यापलीकडे गेले. तो भाग दुसऱ्या उपकेंद्राचा, पण गोवरला हद्द नसते. सुनीता बापाच्या अंगणात मोहाच्या टोऱ्या, म्हणजे बिया, फोडत होती, त्यातून तेल काढतात. ती वाळली होती. मुलाला लस टोचली, तो रडून तिच्या मांडीवर झोपला. मग मी ते राहिलेलं अर्धं वाक्य तिला पूर्ण सांगितलं. तिनं सगळं ऐकलं आणि शांतपणे विचारलं, "बाई, एवढं सगळं त्या सिकलसेलच्या रक्तातून कळते का?"

"कुठलं रक्त?"

"त्याच महिन्यात शाळेत रक्त नेलं होतं ना तुमी लोकायनं, सिकलसेलचं. त्यातूनच निंगालं ना हे?"

आमच्या भागात सिकलसेल या रक्ताच्या आजारासाठी एवढ्यांदा बोट टोचलं जातं की माणसांना वाटतं सगळे रोग त्याच एका थेंबात दिसतात. मी म्हटलं, "रक्तातून नाही ग. तू ब्रश फिरवून नळी दिली होतीस त्यातून."

सुनीतानं टोरी फोडायचा दगड खाली ठेवला. "मी नाई देल्ली. मी तवा कुर्म्यात होती, पाच दिवस. कोणती नळी?"

अडीच महिने एक बाई तिच्या नसलेल्या निकालाची शिक्षा भोगत होती, आणि ती कधी भांडलीही नव्हती, कारण नर्सबाईचा कागद खोटा कसा असेल. मग ती नळी कुणाची, याचा विचार करायला मला फार वेळ लागला नाही. सुपाचा थांबलेला आवाज आठवला.

परत फिरून संध्याकाळच्या आत गावात आले. लालसू नव्हता. जुरीबाई चुलीजवळ होती. मी चप्पल काढली आणि सरळ विचारलं, "सुनीताच्या नावाची नळी कोणी दिली?"

"मी देल्ली," ती म्हणाली. जणू मी पाण्याची घागर कुणी भरली असं विचारलं होतं.

"का?"

"कमला फोनवर बोलत होती माझ्या अंगणात. तुमचा आवाज इथवर आयकू येत होता. कमलाले बोलणे बसत होते. मी म्हन्लं, कायले एका नळीपायी. राशनच्या मशीनवर घरातल्या कोणाचाही अंगठा चालते ना? माह्या अंगठ्यावर सुनीताचे तांदूळ भेटतेत. मले वाटलं हेबी तसंच. घरची बाई पायजे, कोणतीबी."

मी तिला ओरडणार होते. पण ओरडायचं कुणावर? आम्हीच वर्षानुवर्षं शिकवलं की सरकारला घर मोजायचं असतं. इथे माणूस मोजायचा असतो हे त्या नळीसोबत सांगायला मी विसरले होते.

"निकाल आला तेव्हा का नाही बोललीस?"

आता मात्र तिचा चेहरा बदलला. "मी समजली, कागदावर नाव तिचं हाये म्हन्जे रोगबी तिचाच असन. मशीनले नाव कळते म्हन्तेत. मंग लालसूनं तिले धाडली. मंग मले झोप येऊन नाई राह्यली, बाई. माह्या भावाची पोरगी हाये ते. पण आता सांगतलं तं कमलाची नोकरी जाईन, तुमची जाईन, असं वाटलं."

आमच्या नोकऱ्या वाचवत बसली होती ती. मी तिला समजावलं की तो विषाणू तिच्या अंगातला आहे, सुनीताचा नाही, आणि तिचं वय पाहता उद्याच्या उद्या तपासायला हवं. या वयात मुक्काम करून बसलेला असला तर तो बहुधा जुना असतो, आणि जुना असणं चांगलं नसतं. मी विचारलं, मध्येच अंगावरून लाल जाते का? ती म्हणाली, "दोन-तीन डाव गेलं. म्हातारपणी होते म्हन्लं."

पाळी बंद झाल्यावर असं होऊ नये. "उद्या सकाळी गाडी आणते," मी म्हटलं.

"नाई. पयले सून. मंग दवाखाना."

"जुरीबाई, एक-एक दिवस महत्त्वाचा आहे."

"माहा दिवस हाये ना? तिचे अडीच महिने गेले." आणि ती चुलीत लाकूड सारायला लागली. तिच्याशी वाद घालणं म्हणजे सागाच्या बुंध्याशी वाद घालणं. मी दुसऱ्या दिवशी गाडी आणली ती तिच्या भावाच्या गावाला जायला.

गाडीत कमला होती आणि लालसूही होता. आईनं त्याला काय सांगून बसवलं माहीत नाही, बहुतेक काहीच नाही. मी वाटेत सांगायला तोंड उघडलं तर जुरीबाईनं माझ्या मांडीवर हात ठेवून दाबला. भावाच्या अंगणात पोचलो. भाऊ, भावजय, शेजारचे दोन-तीन म्हातारे. पाण्याचा तांब्या आला. जुरीबाईनं पाण्याला हात लावला नाही. ती अंगणाच्या मधोमध उभी राहिली आणि पोराकडे वळली. गोंडीत बोलली, कमलानं मला सांगितलं, पण तिच्या बोटांवरूनही समजत होतं. कमलाच्या शब्दांत देते:

"ते नळी सुनीताची नाई. माही हाये. जे निंगालं ते माह्या आंगात निंगालं. तुहा बाप मरून अठरा वर्सं झाली. त्याच्यामागं माह्या दारात कोणी आलं का ते तुले माहीत हाये, तू तिथंच झोपत होता. आता इचार मले. कोठून आणलं म्हणून इचार. तिचं नाव होतं तं तिले माहेरी धाडली. आता माहं निंगालं. हे माहंबी माहेरच हाये, मले इथंच ठेवून जा."

लालसू आईकडे पाहत होता. एवढा मोठा बाप्या, पण तोंड असं झालं की मला त्याचीही कीव आली. मी त्या वेळी ते अर्धं वाक्य पूर्ण केलं. वीस वर्षं बसू शकतो, बापाकडून आईला आलेला असू शकतो, तोही बिचारा काही न कळता घेऊन फिरला असेल. कुणाचा दोष नाही. चुकलं असेल तर माझं, मी पळाले होते. म्हातारे माना हलवत होते. सुनीता दारात उभी होती. तिनं ना रडून दाखवलं ना माफ करून दाखवलं. लालसू उठला आणि तिच्याजवळ जाऊन मुलासाठी हात पुढे केले. तिनं बराच वेळ मुलगा दिला नाही. मग दिला. पण त्या दिवशी ती आमच्यासोबत आली नाही. आठवड्यानं आली, स्वतःच्या पायानं आणि स्वतःच्या मर्जीनं. मला ते आवडलं.

जुरीबाईला मात्र मी तिथूनच दवाखान्यात नेलं, आता तिच्याजवळ सबब उरली नव्हती. आधी तालुका, मग जिल्हा. तुकडा काढून तपासला. डॉक्टरबाई म्हणाल्या, अजून कॅन्सर नाही, पण दाराशी येऊन बसला होता. तारेच्या कड्यानं तेवढा भाग काढला. तीन दिवसांनी ती गावात परतली आणि चौथ्या दिवशी लाकडं आणायला निघाली, तर सुनीतानं तिची कुऱ्हाड लपवून ठेवली. सुनीताची खरी नळी पुढच्या महिन्यात घेतली. त्यात काहीही नव्हतं.

वर लेखी कळवावं लागलं. "नमुना चुकीच्या व्यक्तीचा, कारण काय" असा रकाना होता. कमलाचं नाव न घेता मी माझी चूक लिहिली आणि खाली सही केली. बोलणी खाल्ली, ती रास्त होती. एक गोष्ट मात्र रकान्यात मावली नाही. जुरीबाई यादीत नव्हती. तिनं चूक केली नसती, तर तिला कुणीही विचारलं नसतं, मीसुद्धा नाही. मी गाव पूर्ण केलं म्हणून मिरवले, आणि गावातली जी एक बाई धोक्यात होती ती माझ्या यादीच्या बाहेर सूप घेऊन बसली होती. याचा विचार मी अजूनही करते, बहुतेक अशाच पंगतीत, कुणाचं तरी मनगट हातात असताना.

निवृत्तीच्या आधीचं शेवटचं शिबिर त्याच गावात ठेवलं. या वेळी मी प्रत्येकीच्या हातात नळी देताना म्हणत होते, "अंगठा चालत नाही हं. ही तुझी, तुझीच." बायका जुरीबाईकडे पाहून हसत होत्या आणि जुरीबाईही हसत होती. यादीच्या तळाशी मी पेनानं तिचं नाव लिहिलं. नाल्याकडच्या वस्तीवरचा एक माणूस बायकोसोबत आला होता. त्यानं सगळ्यांसमोर विचारलं, "पण हे येते कायच्यानं?"

मी तोंड उघडायच्या आत मागच्या कुडाला टेकून उभा असलेला लालसू बोलला. मी त्याला एवढं लांब बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "माणूस-बाईच्या संबंधातून येते. पण तणाचं बी कसं, जमिनीत पडून रायते. दहा वर्सं, वीस वर्सं. यंदा उगवलं म्हन्जे यंदाच पडलं असं नाई. कोण्या सालचं, कोणाच्या हातचं, कोणालेच सांगता येत नाई. बायकोले इचारू नोको. मी इचारलं होतं."

रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला. मी हातानंच ड्रायव्हरला थांब म्हटलं, आणि खाली बसले.